सभामंडपातला परका

धर्मकृत्याला जसा अधिकार लागतो तसा तो कलास्वादालाही लागतो काय, आणि लागत असल्यास मनुष्य तो जन्मतः घेऊन येतो, अभ्यासाने संपादन करतो, की ज्या स्थानी तो येऊन बसतो त्या स्थानाकडूनच त्याला तो प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता शास्त्रीमंडळींच्या वादसभेत शोभावा असा आहे. परंतु रत्नागिरीसारख्या गावात, जेथे नगरपरिषदेच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी रंगते, थिबा राजवाड्याच्या प्रांगणात थंडीच्या रात्री गायनवादनाच्या बैठका होतात आणि भोवतालच्या वाडीवाडीवर शिमग्याच्या दिवसांत मृदंगाच्या थापेसरशी नमनाचा गण उभा राहतो, तेथे हा प्रश्न केवळ ग्रंथातला उरत नाही. नाट्यगृहाच्या दाराशी घटकाभर उभे राहावे आणि आत जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळावेत, म्हणजे तो आपोआप समोर येतो. काही मंडळी वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने पुढच्या रांगांकडे चालू लागतात, ओळखीच्यांना नमस्कार करतात, गायकाच्या घराण्याविषयी दोन शब्द बोलतात. आणि त्यांच्याच मागून एखादा मनुष्य मुलाबाळांसह प्रथमच आलेला असतो, ज्याला आपण कोठे बसावे, दाद केव्हा द्यावी, मूल रडू लागल्यास उठून जावे की नाही, इतकेच नव्हे तर आपण येथे यावे की नाही, हेही नीट उमगलेले नसते. कलेचे तत्त्वज्ञान सांगताना आपण नेहमी पहिल्या प्रकारच्या श्रोत्याचा विचार करतो. मला दुसऱ्याचा करावयाचा आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने पहिल्याच अध्यायात या प्रश्नाला कथारूपाने हात घातलेला आहे. इंद्रप्रमुख देव ब्रह्मदेवाकडे जाऊन, डोळ्यांना पाहता येईल आणि कानांना ऐकता येईल असे काही करमणुकीचे साधन मागतात, आणि मागताना कारण देतात ते असे की, वेदांचे श्रवण शूद्रांना निषिद्ध मानलेले असल्यामुळे सर्व वर्णांचा असा पाचवा वेद निर्माण व्हावा. ब्रह्मदेव मग ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद रचतो. चार वेदांतून चार अंगे आली एवढा या कथेचा भाग आपण ध्यानात ठेवतो. परंतु ज्यांना ज्ञानाच्या दारात मज्जाव होता त्यांची सोय व्हावी, हे तिच्या मुळाशी असलेले प्रयोजन मात्र सोयीस्करपणे विसरतो. पुढचा भाग तर त्याहूनही मननीय आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग झाला, त्यात देवांचा जय आणि दैत्यांचा पराभव दाखविला गेला, तेव्हा समोर जमलेल्या दैत्यांना तो अपमान सहन न होऊन त्यांनी प्रयोगात विघ्न आणले आणि नटांची वाणी, हालचाल व स्मृती स्तंभित करून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले, विश्वकर्म्याने बंदिस्त नाट्यगृह उभारले, त्याच्या खांबाखांबावर देवतांचे पहारे बसले. आणि एवढा बंदोबस्त झाल्यानंतरही ब्रह्मदेवाला त्या दैत्यांशी सामोपचाराने बोलावेच लागले, त्यांना सांगावे लागले की हे नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही, तर साऱ्या त्रैलोक्याच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे. जी कथा आपली परंपरा रंगभूमीच्या जन्मकथा म्हणून सांगते, तीत रुष्ट प्रेक्षकाला हाकलून देऊन प्रश्न मिटत नाही. त्याची समजूत घालावी लागते.

धर्मशास्त्राचा मार्ग याहून निराळा होता. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराच्या विचारालाच वाहिलेला आहे, आणि यज्ञाचा अधिकार कोणाला याचा ऊहापोह करताना बादरी नावाच्या प्राचीन आचार्याचे मत तेथे नोंदलेले आढळते की, हा अधिकार सर्वांनाच असावा. जैमिनीने ते मत नामंजूर केले आणि पुढे दोन सहस्र वर्षे समाज जैमिनीच्या निर्णयावर चालला. चिपळूणनजीकच्या परशुराम-पेढे परिसरात १८८० साली जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहून या साऱ्या विचारव्यूहाचे दफ्तर जगापुढे खुले केले. आणि त्याच काण्यांनी, त्याही आधी, विश्वनाथाच्या साहित्यदर्पणाला जोडलेल्या प्रस्तावनेतून संस्कृत साहित्यशास्त्राचा इतिहास घडविला. एकाच पंडिताच्या मेजावर एका बाजूस कोण अधिकारी याची बारकाईने आखलेली कुंपणे आणि दुसऱ्या बाजूस रसाचा निःसीम विस्तार असे दोन्ही ग्रंथसंभार होते, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. कारण ही दोन शास्त्रे एकाच संस्कृतीची असून अधिकाराच्या प्रश्नावर ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत असे माझे मत आहे.

ते मत केवळ भावनेवर आधारलेले नाही. साहित्यशास्त्रातही अधिकाराची भाषा येते, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सतत परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला आहे अशाच मनुष्याकडे बोट दाखविले, आणि पुढच्या रांगांत बसणाऱ्या आपल्या जाणकार मंडळींना हे लक्षण फार प्रिय आहे, कारण त्यात त्यांना आपले प्रतिबिंब दिसते. परंतु त्याच अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्नांची चर्चा करताना एक निराळीच गोष्ट सांगितली आहे. त्या विघ्नांपैकी एक असे की, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गढलेला असतो. ज्याच्या बागेतला मोहर अवकाळी पावसाने गळून पडला आहे, ज्याच्या घरी आजारी मनुष्य अंथरुणाला खिळलेले आहे, किंवा ज्याला उद्याच्या हप्त्याची विवंचना आहे, तो शरीराने रंगमंचासमोर बसला तरी मनाने आपल्याच अंगणात असतो. रस त्याच्यापर्यंत पोहोचावा कसा? यावर अभिनवगुप्ताचे उत्तर, अशा मनुष्याने येऊ नये, असे नाही. गीत, वाद्य, सुशोभित मंडप यांची योजना रंगभूमीवर याचसाठी केलेली असते की, त्यांच्या योगाने अहृदय मनुष्याचेही हृदय निर्मळ व्हावे आणि तो सहृदय बनावा. मला या एका विचारात संपूर्ण कलातत्त्व सामावलेले दिसते. सहृदयता ही आत येण्याची अट असती तर मंडप सजविण्याचे, मृदंग लावण्याचे, नांदी गाण्याचे प्रयोजनच उरले नसते. ज्याला अधिकार नाही त्याला तो मिळावा म्हणूनच हा सारा सरंजाम आहे.

कोकणातल्या ग्रामदेवतेच्या देवळाकडे या दृष्टीने पाहावे. देवळाचे दोन भाग असतात. गाभाऱ्यात गुरव जातो, मानकरी ठराविक मर्यादेपर्यंत जातात, तेथे अधिकार आधी सिद्ध करावा लागतो आणि मग पाऊल टाकावे लागते. सभामंडपाचा शिरस्ता निराळा. तेथे कीर्तन होते, तेथे दशावताराचे आख्यान लागते, तेथे पंचक्रोशीतला कोणी दमलेला वाटसरू खांबाला टेकून रात्र काढतो आणि झोपेत का होईना, अभंगाचे चार शब्द त्याच्या कानावर पडतात. आज ज्याला आपण सार्वजनिक कलाकेंद्र म्हणू, ते आमच्या गावांत हे होते. त्याला समिती नव्हती, परंतु शेकडो वर्षांची वहिवाट होती.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली की नमनाचे खेळे येतात. वर्षभर नांगर धरणारे हात मृदंगावर पडतात; आधी गण, मग गौळण, मध्येच काळ्या वेषातला, पांढऱ्या दाढीचा संकासूर पोरांना घाबरवीत आणि हसवीत येतो, आणि नंतर वग. गण हा नाट्यशास्त्रातल्या पूर्वरंगाचाच वंशज आहे असे मला वाटते, आणि त्याचे कार्यही तेच: निरनिराळ्या चिंता घेऊन आलेल्या माणसांना एका तालावर आणणे. भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचतात, पायात चाळ बांधून, मधल्या गायक-वादकांभोवती फेर धरून. आणि त्या नाचाच्या जोडीने शक्ती-तुऱ्याचा जो सामना रंगतो तो तर प्रत्यक्ष दर्शनशास्त्राचाच वाद आहे. शक्तीवाले म्हणणार, माया श्रेष्ठ, तिच्यावाचून सृष्टी नाही. तुरेवाले म्हणणार, शिव श्रेष्ठ, तो नसेल तर शक्ती कोणाची? प्रकृती आणि पुरुष यांच्या संबंधाचा हा सांख्यांपासून चालत आलेला प्रश्न, ज्यांनी सांख्यकारिकेचे नावही ऐकलेले नाही असे कुणबी शाहीर भर पावसात, पेट्रोमॅक्सच्या वा आता विजेच्या उजेडात, सवाल-जवाबांनी लढवितात, आणि समोर बसलेला समाज कोणाचा जबाब पक्का आणि कोणाचा कच्चा हे बिनचूक ओळखतो. या श्रोत्यांना हा अधिकार कोणी दिला? कोणत्याही विद्यापीठाने दिला नाही. लहानपणी आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत ऐकता ऐकता तो त्यांच्या ठायी आला. मुंबईला गिरणीत गेलेला चाकरमानी हे सर्व आपल्याबरोबर घेऊन गेला आणि परळ-लालबागच्या नाट्यगृहांत नमन व शक्ती-तुऱ्याचे प्रयोग लावून त्याने शहराच्या रंगभूमीवर गावचा सभामंडप उभा केला.

येथवर सांगून थांबलो तर अर्धसत्य सांगितल्याचा दोष माझ्याकडे येईल. तो सभामंडप सर्वांचा नव्हता. ज्यांची वाद्ये देवाच्या दारी वाजत, त्यांतल्या अनेकांना दाराबाहेरच उभे राहावे लागे. संत चोखामेळ्याने पांडुरंगाला ज्या उत्कटतेने आळविले तिला मराठी भाषेत तोड नाही, आणि तरीही त्याला मंदिरात पाऊल टाकता आले नाही. आज त्याची समाधी आहे तीही महाद्वारासमोर, बाहेर. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ज्या भाविणी व कलावंतिणी देवळाच्या मंडपात गात व नाचत, त्यांना मंडपात स्थान होते पण समाजात प्रतिष्ठा नव्हती. ज्यांनी कला द्यावयाची त्यांनाच हीन लेखावे आणि ज्यांनी ती घ्यावयाची त्यांनी मानाच्या पाटावर बसावे, असा हा उलटा न्याय होता. त्याच गोमंतकीय परंपरेतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर उदयास आल्या, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर मानवजातीच्या संगीताचा जो नमुना अंतराळात पाठविण्यात आला त्यात केसरबाईंचा स्वर होता. देवाच्या मंडपात गाणाऱ्या जिच्या कुळाला समाजाने सन्मान नाकारला तिचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आहे, ही घटना धर्माभिमान्यांनी अंतर्मुख होऊन विचारात घ्यावी अशी आहे.

या अन्यायावर उतारा शोधण्याचे काम ज्या भूमीत झाले तीत रत्नागिरीचे नाव आहे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर येथे स्थानबद्ध होते, आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते खुले झाले. लक्ष्मीनारायणाच्या या मंदिरात स्पृश्य-अस्पृश्य असा भेद न करता सर्व हिंदूंना प्रवेश होता. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचे ‘संगीत उःशाप’ हे नाटक सावरकरांनी याच मुक्कामात लिहिले, आणि मंदिर व नाटक यांना मी एकाच प्रयत्नाची दोन अंगे समजतो. पुढे याच जिल्ह्यातल्या पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांनी मे १९४७ मध्ये पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषण केले आणि विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले झाले. बादरीचे नामंजूर झालेले मत इतक्या विलंबाने का होईना, मान्य झाले.

परंतु पतितपावन मंदिराचा दरवाजा हिंदूमात्रासाठी उघडला होता, आणि रत्नागिरी केवळ हिंदूंची नाही. येथे मिरकरवाड्याच्या बंदरावर मचवे लावणारा मुसलमान दर्यावर्दी आहे, १९५६ नंतर बुद्धाला शरण गेलेला मोठा समाज आहे, आणि ज्याच्या नावाचा राजवाडा आज संग्रहालय म्हणून आपण पाहतो तो ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा हाही बौद्धच होता. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य जिंकून त्याला हद्दपार केले; १९१० च्या सुमारास बांधून झालेल्या या वाड्यात तो १९१६ साली मृत्यू पावेपर्यंत राहिला, आणि त्याने आणलेली बुद्धमूर्ती अद्याप तेथे आहे. एका परक्या, परधर्मी राजाच्या बंदिवासाची ही वास्तू, आणि तिच्याच आवारात आज एखादा गायक रागाची बढत करीत असतो व समोर नाना जातिधर्मांची माणसे गारठ्यात शाली लपेटून बसलेली असतात. देऊळ कितीही उदार झाले तरी त्याला श्रद्धेची एक सीमा असते, आणि ती असणे मी गैर मानत नाही. कलेच्या मंडपाला मात्र तीही सीमा नसावी. भट्टनायकाने साधारणीकरण म्हणून जे सांगितले, की रंगभूमीवरचे दुःख कोणा एकाचे राहत नाही व त्यामुळेच ते आस्वाद्य होते, त्याची अट एवढीच की पाहणाराही तेवढ्या वेळापुरता कोणा एका कुळाचा वा पंथाचा राहत नाही.

म्हणूनच नाट्यगृहाला कलेचे मंदिर म्हणण्याची आपल्याकडे जी आवड आहे, ती मी फारशी उचलून धरीत नाही. मंदिर म्हटले की गाभारा आला, गाभारा आला की सोवळे आले, आणि मग जाणकारांचे एक सोवळे निर्माण होते, ज्यात चुकीच्या जागी टाळी वाजविणारा मनुष्य विटाळ केल्यासारखा पाहिला जातो. यावर जाणकारांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो अवमानण्यासारखा नाही. दार सताड उघडले की गलबला होतो, फोन वाजतात, विलंबित लयीतल्या शांततेचा भंग होतो, आणि कलावंत अशा समुदायाला रिझविण्यासाठी खालच्या पायरीवर उतरतो, असे ते म्हणतात. गलबल्याचे दुःख खरे आहे. ज्याने एकदा तानपुऱ्याच्या स्वरात स्वतःला विसरण्याचा अनुभव घेतला आहे त्याला तो भंग शारीरिक वेदनेसारखा लागतो. पण शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात हजारो माणसे पहाटेपर्यंत बसतात आणि शाहिराच्या एका शब्दासाठी जिवाचा कान करतात, हे मी पाहिले आहे. तेव्हा शांत बसणे हा कोण्या वर्गाचा उपजत गुण नव्हे, ती संगतीने लागणारी सवय आहे. आणि नवखा श्रोता जेथे अवघडून बसतो तेथे त्याच्या अवघडलेपणाचा दोष बहुधा त्याच्याकडे पाहणाऱ्या नजरांचा असतो.

मालगुंडला जाऊन यावे. गणपतीपुळ्याला स्वयंभू गणेशाचे दर्शन घेऊन, डोंगराची प्रदक्षिणा आटोपून येणारी कुटुंबे तेथून हाकेच्या अंतरावरच्या या गावी, केशवसुतांच्या जन्मस्थानी, कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या स्मारकापाशी थांबतात. त्यांतल्या अनेकांनी शाळेतल्या एखाद-दुसऱ्या कवितेपलीकडे केशवसुत वाचलेले नसतात. ती माणसे चपला काढून त्या जुन्या कौलारू घरात शिरतात, हात जोडतात, बाहेर शिळांवर कोरलेल्या ओळी मुलांना मोठ्याने वाचून दाखवितात, आणि एखाद्या ओळीपाशी जरा रेंगाळतात. हात जोडणे ही त्यांना येणारी एकच रीत असते. ती देवळातून त्यांच्याबरोबर आलेली असते. काव्याच्या अभ्यासकाने त्या जोडलेल्या हातांना भाबडेपणा समजू नये. रेंगाळणे हीच सहृदयतेची सुरुवात आहे, आणि त्या माणसांना ती एका घराने, चार शिळांनी आणि कोणी टोकले नाही या गोष्टीने दिलेली असते.

तेव्हा रत्नागिरीतल्या आणि अन्य गावांतल्या ज्या संस्था मेहनतीने मैफली व नाट्यप्रयोग करतात, त्यांच्या कार्यवाहांना माझी विनंती आहे की, नाट्यगृहाच्या वर्षभराच्या तारखांत नमन व शक्ती-तुऱ्याच्या मंडळांना सणासुदीची, चांगली तारीख द्यावी, उरलेली नव्हे. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी न राखता जो आधी येईल त्याच्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. आणि ख्याल सुरू होण्यापूर्वी कोणी अधिकारी मनुष्याने पाच मिनिटे, साध्या मराठीत, आज काय ऐकावयाचे आहे ते सांगावे. आणि वाचकहो, आपणांस विनंती ही की, यंदा ज्या कार्यक्रमाचे तिकीट आपण काढाल त्याच्या बरोबरीने आणखी एक तिकीट काढावे, आपल्या बागेत राखण करणारा, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई, आपला रिक्षावाला, यांपैकी जे कोणी आजवर त्या दारातून आत गेलेले नाही त्याला अगत्याने बरोबर न्यावे, आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवावे.